एक्केचाळीस हजार सह्यांची पेटी

१

झाकण अलगद वर गेलं, आणि आत सह्या नव्हत्या.

आत पत्रकं होती. गेल्या वर्षीच्या मेळाव्याची उरलेली, हिरव्या शाईतली. प्रवासाला निघताना कपडे भरावेत तसे नीट गठ्ठे रचलेले. वकीलबाईंनी वरचा गठ्ठा उचलला, खालचा उचलला, तळाशी हात घातला आणि हात तसाच आत ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या.

सोमवार, मेळाव्याचं ऑफिस, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. संध्याकाळी पाचला सरकारी खिडकी बंद होणार होती, ती थेट पुढच्या वर्षीपर्यंत.

थोडं मागे जाते, नाहीतर तुम्ही म्हणाल कसल्या सह्या आणि कसली पेटी. शहराच्या टोकाला एक मैदान आहे, तिथे दरवर्षी दोन दिवसांचा मेळावा भरतो. फलकावर नाव आहे ‘कायदा बदला मेळावा’, पण सगळे त्याला धुराचा मेळावा म्हणतात. गांजावरची बंदी उठवा, एवढंच म्हणणं. गाणी असतात, भाषणं असतात, पानाचं चित्र छापलेले शर्ट असतात आणि धूर असतो, जो पोलिसांना ते दोन दिवस दिसत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना वाटतं मी तिथे मजा मारायला जाते. मी ओढत नाही. मला त्या वासानेच मळमळतं. मी जाते कारण माझे बाबा तुरुंगात आहेत.

आजीला कॅन्सर होता. तिच्या दुखण्यावर तेल काढायला बाबांनी गच्चीत चार कुंड्यांत चार झाडं लावली. चार झाडं, आठ वर्षं. म्हणजे एका झाडाला दोन वर्षं, हे गणित मी अकरा वर्षांची असताना केलं होतं. आता मी पंधराची आहे आणि बाबांची चार वर्षं उरलीत.

कायद्यात एक फट आहे. वर्षभरात चाळीस हजार सह्या जमवून अर्ज दिला तर सभागृहाला तो विषय ऐकावाच लागतो. आमच्या अर्जात दुसऱ्या क्रमांकाचं कलमच हे होतं, की घरच्या औषधासाठी झाडं लावणाऱ्यांच्या शिक्षा पुन्हा तपासा. दरवर्षी सह्या थोडक्यासाठी कमी पडायच्या. या वर्षी नाही पडल्या. वकीलबाई या वर्षीच आमच्यात आल्या होत्या आणि त्यांचा कुणाच्या मोजण्यावर विश्वास नव्हता. रविवारी दुपारी बोटाला रबरी टोपी घालून त्यांनी एकेक कागद स्वतः मोजला होता. एक्केचाळीस हजार तीनशे बारा.

“कुलूप शाबूत होतं,” त्या अखेर म्हणाल्या. “माझी पट्टीही. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय.”

बघितलं होतं. कडीवर चिकटवलेली कागदी पट्टी, तिच्यावर त्यांची सही, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. त्यांनीच ती आमच्यासमोर ब्लेडने कापली होती.

“म्हणजे मग पट्टी लावायच्या आधीच कागद बदलले,” काका अगदी हळू आवाजात म्हणाले.

आणि त्यांनी माझ्या आईकडे बघितलं.

२

काका माझे सख्खे काका नाहीत. बाबांचे मित्र. मेळावा त्यांनी सुरू केला, वीस वर्षांपूर्वी, तेव्हा म्हणे सतरा जण आले होते. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, दुखरे गुडघे आणि ऐकत राहावं असा आवाज. बाबांना धरून नेलं त्या आठवड्यात नातेवाईकांचे फोन बंद पडले आणि काका मात्र रोज दारात. मला सायकल शिकवली त्यांनी. पालकसभेला आले ते. मला ‘चिमणे’ म्हणतात, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बोचकारलं असतं.

मला पहिल्यांदा मंचावर उभं केलं तेही त्यांनीच. मेळाव्यात एक पद्धत आहे. रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी गाणी थांबतात, विक्री थांबते, अख्खं मैदान मंचाकडे तोंड करून गवतावर बसतं. तुरुंगातल्या लोकांसाठी दहा मिनिटं शांतता, आणि त्या शांततेत मी बाबांना लिहिलेलं पत्र वाचते. पहिली तीन वर्षं मी मान खाली घालून, कागदात नाक खुपसून वाचलं. लोक रडायचे.

तर, काकांनी आईकडे बघितलं. मग वकीलबाईंना रविवारची दुपार आठवायला लागली. पावणेचारला मोजणी संपली. डिंक सापडेना म्हणून त्या शोधायला गेल्या, दहा मिनिटांनी आल्या. तोवर सह्यांच्या तंबूत आई एकटी होती. त्या परतल्या तेव्हा आईने झाकण लावलं होतं आणि त्यांनी पुन्हा न उघडता कुलूप घालून पट्टी चिकटवली.

“चूक माझी आहे,” वकीलबाई म्हणाल्या. पण बोलताना बघत होत्या आईकडेच.

शर्टवालाही होता तिथे. पानाचे शर्ट विकणारा, मेळाव्यातला सगळ्यात जुना दुकानदार. तो म्हणाला, वहिनी असं कशाला करतील. खरं तर तो आईची बाजू घेत होता, पण प्रश्न विचारला गेला आणि कुणीतरी उत्तर देणार हे ठरून गेलं.

उत्तर काकांकडे होतं. त्यांनी आधी आईची माफी मागितली. मग म्हणाले की हे आपल्या तोंडून निघू नये असं त्यांना वाटत होतं, पण गेल्या महिन्यात तुरुंगाच्या अधिकाऱ्याने आईला बोलावून घेतलं होतं. मेळाव्यापासून लांब राहा, नवऱ्याला सूट मिळेल, असं सुचवलं होतं. आईने त्यांना हे विश्वासाने सांगितलं होतं.

मला सांगितलं नव्हतं. 

“मी नाही म्हणाले त्याला,” आई म्हणाली.

“हो गं, माहितेय मला,” काका म्हणाले, इतक्या मायेने, की खोलीतल्या कुणालाच ते खरं वाटलं नाही. मग ते खिडकीशी गेले आणि मेळाव्यातल्या स्वयंसेवकांना एकेक फोन करायला लागले. सह्या गेल्या. वहिनींच्या हातून काहीतरी घोटाळा झालाय. नाही, रागावू नका, तिचाही संसार आहे.

आई खुर्चीत बसून होती. रडली नाही, भांडली नाही. आपल्यावर बालंट आल्यावर माणूस काय काय करेल. माझ्या आईने माझा दंड धरला आणि म्हणाली, “ही बाही कुठे माखलीस?”

शाळेत जायचं म्हणून मी गणवेशात होते. पांढऱ्या बाहीवर, कोपराशी, तळहाताएवढा डाग. पेटीत वाकून बघताना मी तिच्या मागच्या बाजूला टेकले होते. डाग काळा नव्हता. यंत्राच्या तेलाचा नव्हताच. हिरवट होता, आणि त्याला ओल्या गवताचा वास येत होता.

भांगेच्या बियांचं तेल. मेळाव्यात बाटल्यांतून विकतात ते.

आमची ती पेटी वीस वर्षांची, गंजकी. तिला कुणी तेल घालावं एवढं प्रेम तिच्यावर कुणाचंच नव्हतं. मी भूगोलाच्या चाचणीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि सायकल काढली.

३

मैदानावर झाडलोट चालली होती. शर्टवाला तोवर आपला मांडव सोडायला येऊन पोचला होता.

संशय घ्यायचा तर पहिला त्याचाच घ्यायला हवा होता. शनिवारी तो आमच्यासमोरच म्हणाला होता, कायदा बदलला तर माझे शर्ट कोण घेणार, पान मग कोथिंबिरीसारखं होईल, कोथिंबिरीचे शर्ट विकलेत का कुणी. आणि तेलाच्या बाटल्या त्याच्याच दुकानात असतात. मी सरळ विचारलं. काही दिवसांपासून मला सरळ विचारता येतं. आधी यायचं नाही.

तो हसला, मग दोरी गुंडाळायची थांबला. म्हणाला, तेल या वर्षी कुणी घेतलंच नाही, सगळ्या बाटल्या पडून आहेत, एक सोडून. ती काकांनी रविवारी दुपारी नेली, गुडघ्यांना लावायला.

“ते दरवर्षी नेतात,” मी म्हणाले.

“हो ना. दरवर्षी नेतात, आणि दरवर्षी मलाच चोळायला लावतात. या वर्षी सुटलो.” मग त्याला वाटलं असावं की आपण म्हाताऱ्याची चेष्टा करतोय, म्हणून त्याने घाईने सांगितलं की या वर्षी काकांनी त्याला फार सांभाळून घेतलं. साडेपाचला दोघांनी पेटी काकांच्या गाडीत ठेवली. तोही निघाला होता सोबत, उतरवायला. काका म्हणाले, तू राहा, दुकान आवर, मी उतरवतो. मग तो वकीलबाईंच्या गाडीतून सातला ऑफिसात पोचला, तेव्हा पेटी टेबलावर आणि चहा तयार. आठला वकीलबाईंनी आणि काकांनी दाराला आपापलं कुलूप घातलं. दोन कुलपं, दोन चाव्या, एकट्याला आत जाता येऊ नये म्हणून.

“पेटी डिकीत मावली?” मी विचारलं.

नाही, मागच्या सीटवर ठेवली, तो म्हणाला. डिकी भरलेली होती. कसले तरी कागदाचे गठ्ठे.

हे बोलून तो पुन्हा दोरी गुंडाळायला लागला. मला वाटतं उत्तर मला तिथेच कळलं होतं. पण मला ते नको होतं, म्हणून मी हवालदारांकडे गेले.

आमचे हवालदार वीस वर्षं त्याच फाटकावर बसतात. त्यांची खुर्ची सह्यांच्या तंबूच्या बरोबर मागे, तारेच्या कुंपणाला लागून. तंबूला दार एकच, मंचाकडे तोंड केलेलं. मी विचारलं, रविवारी दुपारी तंबूच्या मागून कुणी गेलं का, कनात उचलून.

“मागून? माझ्या मांडीवरून जावं लागेल त्याला.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “पोरी, तू आता चौकशी करणार काय? मग आधी मला बस म्हणायचं, चहा विचारायचा. आमच्यात तसं असतं.”

मी म्हटलं, बसा. ते बसलेलेच होते. चहा नव्हता. तरी त्यांनी सांगितलं. पावणेचारला वकीलबाई डिंक शोधत त्यांच्याकडेच आल्या होत्या. त्या गेल्यावर तंबूत पेटीचं झाकण लागलं, आणि हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्यांचा नुकताच डोळा लागला होता.

“ती पेटी लागते कुठे, किंचाळते,” ते म्हणाले. “मी दचकून उठलो. म्हटलं कुणाला तरी मारलं.”

मी कुंपणाची तार धरून उभी राहिले. मग विचारलं, तुमच्या साहेबांसमोर सांगावं लागलं तरी असंच सांगाल का. ते म्हणाले, झोपलो होतो एवढं सोडून सगळं.

४

माझ्याजवळ आता काय होतं ते सांगते. मी ते मैदानाच्या कडेला सायकल टेकवून, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं.

रविवारी आईने झाकण लावलं तेव्हा पेटी किंचाळली. त्यानंतर लगेच पट्टी चिकटली. सोमवारी पट्टी कापून झाकण उघडलं तेव्हा आवाज झाला नाही, अलगद गेलं वर. म्हणजे तेल पडलं ते पट्टी लागल्यानंतर. जी पेटी पुढून उघडायची सोय नाही तिच्या मागे कुणी तेल कशाला घालेल? मागून उघडायला. त्या पेटीच्या बिजागऱ्यांमधून एकच लांब सळई जाते. ती गंजून बसलेली. तेल सोडलं, थोडा वेळ थांबलं, ठोकून ओढली की झाकण मागच्या बाजूने सुटतं आणि पुढे कुलूप आणि पट्टी जिथल्या तिथे. वकीलबाईंनी कागद नीट बघितला होता. लोखंडाकडे बघायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग कधी? पट्टी चारला लागली. साडेपाचपर्यंत आई तंबूत होती, फक्त शांततेची दहा मिनिटं सोडून. तेव्हा ती माझ्यासाठी पुढे येऊन बसते. त्या दहा मिनिटांत अख्ख्या मैदानाची पाठ तंबूकडे असते. चोरासाठी याहून चांगली वेळ कुठली.

पण एका माणसाची पाठ नव्हती. मंचावरून मी तंबूकडेच बघत होते. या वर्षी मी कागद नेलाच नव्हता. पत्र पाठ केलं होतं, मान वर ठेवून म्हणणार होते, आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण फजिती झाली तर ती गुपचूप व्हावी. अख्खं पत्र मी त्या तंबूच्या दाराकडे बघत म्हटलं, कारण लोकांच्या तोंडांकडे बघितलं असतं तर विसरले असते. दारातून कुणी आत गेलं नाही. मागे हवालदार होते.

साडेपाच ते सात. गाडी आणि ऑफिस. एकच माणूस.

मी वहीचं पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. उत्तर तेच आलं. मग तिसऱ्यांदा. गणितात एवढ्या वेळा पडताळा मी आयुष्यात केला नाही.

तरी एक राहत होतं. कागद गेले कुठे? दोन हजारांवर जाड कागद. काकांचं घर चौथ्या मजल्यावर, आणि तो गठ्ठा घेऊन जिना चढणं त्यांच्या गुडघ्यांच्या बापालाही जमलं नसतं. ऑफिस तळमजल्यावर, पण तिथला माळा तर नाहीच. खाली वाकून दिवाणाखाली सरकवणंही नाही. उभ्या उभ्या, कमरेपासून खांद्यापर्यंत, जिथे हात पोचेल तिथेच ठेवलेले असणार. जाळले नसणार. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं तो त्यांच्या सह्या जाळणार नाही.

ऑफिसात त्या उंचीला एकच गोष्ट आहे. लोखंडी कपाट. आणि त्याची चावी, काका सांगतात, कधीची हरवलीय.

५

मी पोचले तेव्हा तीन वाजायला आले होते. आई त्याच खुर्चीत होती. वकीलबाई मुदत वाढवून मिळते का म्हणून फोनवर कुणाच्या तरी विनवण्या करत होत्या. शर्टवाला माझ्या मागोमाग आला, कारण मी मैदानातून ज्या तोंडाने निघाले ते त्याला ठीक वाटलं नव्हतं.

मी कुणाशीच बोलले नाही. कंपासपेटीतून कर्कटक काढलं, पेटी फिरवली आणि टोक बिजागरीत घालून सळईला ढोसलं. ती लोण्यातून यावी तशी बाहेर आली. मी झाकण मागून उचललं आणि सगळ्यांना माझी बाही दाखवली. मग बाकीचं सांगितलं. माझा आवाज एकदाच कापला, ‘डिकी’ म्हणताना.

काका हसत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“चिमणे, ऊन लागलंय तुला,” ते म्हणाले.

मी कपाटापाशी गेले आणि दाराच्या फटीला नाक लावलं. हे फक्त मलाच सुचलं असतं, कारण त्या खोलीत नाक शाबूत असलेली मी एकटीच होते. एक्केचाळीस हजार लोकांनी त्या कागदांवर सह्या केल्या, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बोटांना तो वास होता. मेळाव्यानंतर आठवडाभर माझ्या केसांना तो येतो आणि बाकावरच्या मुली सरकून बसतात. यांना तो धुरात राहून राहून कळेनासा झालाय. त्या फटीतून तो असा येत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासामुळेच आलं, असं मी तेव्हा सगळ्यांना वाटू दिलं.

“चावी द्या, काका,” मी म्हणाले.

“हरवलीय गं.”

मग आई उठली. दिवसभरात पहिल्यांदा. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने नुसता हात पुढे केला. काकांनी सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली चावी काढून त्या हातावर ठेवली. त्यांनी ती का दिली हे मला अजून नीट कळलेलं नाही.

सह्या मधल्या फळीवर होत्या. सगळ्या, वकीलबाईंच्या खुणांसकट. शर्टवाला कपाळावर हात मारून खाली बसला.

पण आई वरच्या फळीकडे बघत होती. तिथे आणखी चार गठ्ठे होते, लहान, सुतळीने बांधलेले. प्रत्येकावर काकांच्या सुंदर अक्षरात एकेक साल. गेली चार वर्षं. आईने गेल्या वर्षीचा गठ्ठा सोडला. तीस कागद, एका कागदावर वीस सह्या.

गेल्या वर्षी आम्हाला चारशे कमी पडल्या होत्या.

मोजणी तेव्हा काका करायचे. दरवर्षी थोडे थोडे काढून ठेवले की काम भागायचं. या वर्षी वकीलबाईंनी आधीच मोजल्या, आकडा सगळ्यांना कळला, म्हणून सगळ्याच घ्याव्या लागल्या. आईने त्या तीस कागदांतला एक वर काढला. तिची स्वतःची सही होती त्याच्यावर. 

“का?” वकीलबाईंनी विचारलं.

काका बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, एकदम म्हातारे होऊन. त्यांनी जे सांगितलं त्यात फार काही नव्हतं. कायदा बदलला की मेळावा संपला. मग कारखाने येणार, चकचकीत दुकानं येणार, आणि वीस वर्षं मार खाल्लेल्या माणसाला कुणी ओळखणारसुद्धा नाही. मैदानात दोन दिवस पन्नास हजार माणसं त्यांच्यासाठी उठून उभी राहतात. तेवढंच होतं त्यांच्याकडे, असं म्हणाले.

“आणि बाबा?” मी विचारलं.

“तुझ्या बापाला मी कुणाला विसरू दिलं नाही,” ते म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. “त्याचं नाव अख्ख्या मैदानाला पाठ आहे. बाहेर असता तर कोण होता तो? एक कारकून.”

६

चार वाजायला आले होते. मला वाटलं, झालं. चोर सापडला, माल सापडला, आई सुटली. मी कागद पेटीत भरायला लागले. सळई पुन्हा घातली. माझे हात भराभर चालत होते आणि कुणाचेच चालत नव्हते.

“अर्ज माझ्या नावावर आहे,” काका म्हणाले. आवाज पुन्हा तो मंचावरचा. “खिडकीवर मी स्वतः उभं राहून सही केल्याशिवाय ते घेणार नाहीत. विचार यांना.”

वकीलबाईंनी नुसती मान हलवली. खरं होतं.

त्यांनी काय मागितलं ते त्यांनी हळू, नम्रपणे सांगितलं, बसमध्ये खिडकीजवळची जागा मागावी तसं. ते चार गठ्ठे त्यांच्याकडे राहतील. या खोलीतलं या खोलीत राहील. आणि सकाळी त्यांनी स्वयंसेवकांना फोनवर जे सांगितलं, ते तसंच राहील. फार तर असं सांगू, की वहिनींनी भलतेच गठ्ठे भरले, नंतर खरे सापडले. घाबरली होती बिचारी.

शर्टवाला शिवी घालून उठला. वकीलबाई पोलिसांचं बोलल्या, आणि बोलता बोलताच थांबल्या. पोलिसांत गेलं तर कागद पुरावा म्हणून जमा होणार. पाचला खिडकी बंद. शिवाय उद्याच्या वर्तमानपत्रात गांज्याच्या मेळाव्याचा म्होरक्या चोर, मग सभागृहात त्या सह्यांवर विश्वास कोण ठेवणार. हे सगळं त्यांनी मोठ्याने म्हटलं, स्वतःलाच समजावत.

“चालेल,” आई म्हणाली.

मी म्हणाले, आई, नाही. चार वर्षं गेली बाबांची, आणि वर तू चोर ठरायचं? मी आणखीही बरंच म्हणाले. आईने ऐकून घेतलं.

“घड्याळ बघ,” ती म्हणाली. “आणि पेटीची ती बाजू धर.”

आई चालेल म्हणाली. मी म्हणाले नव्हते.

सरकारी कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. काका एकेक पायरी चढत होते आणि त्यांना आधार द्यावा लागत होता, तो शर्टवाल्याने दात-ओठ खात दिला. पाचला वीस मिनिटं कमी असताना आम्ही खिडकीशी पोचलो. आतले कारकूनबाबू चष्मा पुसत होते. त्यांनी अर्ज वाचला, पहिलं पान, दुसरं पान. मग कागद चाळले, आकडा लिहिला, खाडाखोड आहे का बघितलं. एवढ्या सावकाश, की मला त्यांच्या टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच मारावासा वाटला.

काकांनी सही केली. अक्षर सुंदर आलं.

कारकूनबाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. या गणवेशातल्या बाई कोण, त्यांनी काकांना विचारलं, लहान मुलांना आत आणत नाहीत इथे.

“माझी पुतणी,” काका म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हिचेच वडील आत आहेत. हिच्यासाठीच चाललंय सगळं.”

कारकूनबाबू म्हणाले, असं होय. त्यांचा चेहरा मऊ झाला. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणून मीही हसले. तो हात जड होता आणि गरम होता. आई माझ्याकडे बघत होती. शिक्का अजून पडला नव्हता. मी हलले नाही.

त्यांनी शाईची डबी उघडली, शिक्का दाबला, तारीख नीट आहे ना ते एका रद्दी कागदावर मारून बघितलं, आणि मग अर्जावर मारला.

तेव्हा मी खांदा काढून घेतला.